सर्व्हर सगळ्यांचा, मग कमाई कशी करायची?



हल्ली तरुण मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझा माइनक्राफ्टचा सर्व्हर आहे. रोज तीसेक पोरं खेळतात. भाडं मात्र माझ्या खिशातून जातं. यातून धंदा होईल का?"

होईल. पण आधी सांगा, तुम्ही नेमकं विकणार काय?

याचं उत्तर शोधायला शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. फॅब लॅब म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं यंत्रांचं वर्कशॉप. जगभरच्या फॅब लॅबची एक सनद आहे. ती म्हणते, इथे धंद्याची सुरुवात खुशाल करा, पण त्यामुळे इतरांचा वापर अडता कामा नये. आणि ज्यांच्या जिवावर धंदा उभा राहिला, त्यांनाही त्याचा फायदा मिळावा.

गेमचा सर्व्हरही असाच आहे. एका कॉम्प्युटरवर चालणारं सामाईक मैदान. मैदान तुम्ही सांभाळता, पण ते भरतं खेळणाऱ्यांमुळे. आणि गेम तर तुमचा नाहीच, तो कंपनीचा आहे. म्हणजे भागीदार तीन झाले. एकालाही फसवलं की धंदा बसला.

कंपनीचा नियम काय?

काही सर्व्हरवाले पैसे घेऊन जबरदस्त तलवारी आणि खास ताकद विकायचे. ज्याचे पालक पैसे भरतील तो जिंकणार! मोजांग कंपनीने जून 2014 मध्ये नियम स्पष्ट केले आणि 1 ऑगस्टपर्यंत मुदत दिली. त्याचा सारांश असा:

- सर्व्हरवर येण्याची फी घेता येते, पण ती सगळ्यांना सारखी हवी.
- देणगी घेता येते, पण देणाऱ्याला खेळात झुकतं माप नाही.
- जाहिरात आणि प्रायोजक चालतात.
- सजावटीच्या वस्तू विकता येतात. खेळात वरचढ करणारी वस्तू विकायची नाही.
- आपण कंपनीचे अधिकृत आहोत असं भासवायचं नाही.

नियम मोडणारे सर्व्हर कंपनी ब्लॉक करू शकते. मग एका दिवसात गिऱ्हाईक गायब. नियम अधूनमधून बदलतात आणि प्रत्येक गेमचे वेगळे असतात. म्हणून पहिला रुपया घेण्याआधी तुमच्या गेमच्या अधिकृत साइटवर आजचे नियम वाचा.

इथे मात्र सावध!

"प्रत्येकी शंभर रुपये काढू, जिंकेल त्याला सगळे." ऐकायला मजेशीर वाटतं. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसती वर्गणी किंवा प्रवेश फी वेगळी, पैज वेगळी. मान्यताप्राप्त ई-स्पोर्ट्सचे नियमही वेगळे आहेत, पण तुमच्या घरच्या सर्व्हरला ते आपोआप लागू होत नाहीत. तेव्हा या वाटेला जाऊच नका.

आणखी एक. तुमचे बरेच खेळाडू अठराच्या आतले असणार. आपल्या कायद्याने त्यांना करार करता येत नाही. त्यामुळे पैसे थेट मुलाकडून घेऊ नका. आई-वडिलांशी बोला, काय विकलं ते लिहून पावती द्या. "काका, तुम्ही माझ्या पोराकडून पैसे का घेतले?" असं कोणी दारात येऊन विचारण्यापेक्षा आधीचा एक फोन बरा.

आता हिशोब

समजा, भाडं महिन्याला 1,500 रुपये आणि खेळाडू 30. प्रत्येकी 50 रुपये घेतले की भाडं सुटलं. पण मेहनतीचं काय? त्यासाठी जवळच्या कॉम्प्युटर क्लासला किंवा मोबाइलच्या दुकानाला प्रायोजक म्हणून विचारा. वर सजावटीच्या वस्तू ठेवा. मग महिन्याच्या शेवटी जमा-खर्च ग्रुपवर टाका. किती आले, कुठे गेले, तुमच्या मेहनतीचे किती, सगळं उघड. मेहनतीचे पैसे घेण्यात लाज कसली? लपवण्यात आहे.

खरं सांगतो, यातून लगेच बंगला होणार नाही. पण सर्व्हर चालू ठेवणं, तक्रारी मिटवणं, हिशोब राखणं हे तुम्ही शिकाल, आणि पुढच्या कुठल्याही धंद्यात ते उपयोगी पडेल.

आजचं काम: एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे "मी हे विकेन", उजवीकडे "हे कधीच विकणार नाही". उजवीकडे पहिली ओळ लिहा: जिंकणं. मग तो कागद खेळाडूंना दाखवा आणि त्यानंतरच फी ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!