दूरचित्रवाणी आणि बालकाचा आत्मसंयम

दूरचित्रवाणीने मुलाची बुद्धी कायमची बिघडते अशी फिर्याद करणारा एक पक्ष, आणि ‘तेवढा वेळ पोर शांत तरी बसते’ अशी कैफियत देणारा दुसरा, असे दोन्ही पक्ष बहुधा एकाच घरात नांदतात.

शांततेच्या मुद्द्याला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग चांगलाच छेद देतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात अँजेलिन लिलार्ड व जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट पाडले. एकाला सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य पालटणारी ‘स्पंजबॉब’ ही अद्भुतरम्य व्यंगचित्रमालिका, दुसऱ्याला दर ३४ सेकंदांनी दृश्य पालटणारी, एका सामान्य बालकाच्या दिनक्रमाची बोधपर मालिका नऊ मिनिटे दाखविली, आणि तिसऱ्याला तेवढाच वेळ चित्रे काढू दिली. लगेच परीक्षा झाली. ‘डोक्याला हात लाव’ असा हुकूम होताच पायाची बोटे धरायची (हा खेळ मोठ्यांनीही अवश्य करून पाहावा), आणि समोरच्या खाऊपैकी थोडा आत्ताच घ्यायचा की थांबून अधिक मिळवायचा, हे ठरवायचे. इतर दोन्ही गटांतील मुले सरासरी चार मिनिटे वा अधिक थांबली. स्पंजबॉब पाहिलेल्यांचा धीर अडीच मिनिटांतच सुटला. म्हणजे पडद्यासमोरचे स्तब्ध मूल संयम शिकत असते, ही समजूत निराधार ठरते. तसेच संथ मालिका पाहणारी मुले चित्रे काढणाऱ्यांहून मागे पडली नाहीत, त्यामुळे संचालाच सरसकट दोषी ठरविण्याचाही अधिकार आपल्याला उरत नाही.

दोष दृश्यांच्या वेगाचा, असा फैसला तेव्हा अनेकांनी देऊन टाकला. परंतु लिलार्ड यांच्याच २०१५ सालच्या पुढील प्रयोगांत वेगापेक्षा अद्भुताचा, निसर्गनियम धुडकावणाऱ्या घटनांच्या भडिमाराचा, परिणाम अधिक दिसून आला. ‘स्पंजबॉब’ ही मालिका सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, ही ती दाखविणाऱ्या वाहिनीची तक्रारही अगदीच गैरवाजवी नव्हती. शिवाय मापन झाले ते पाहिल्यानंतरच्या काही मिनिटांचे. ‘कायमचे नुकसान’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

राहिला सर्वांत बेसावध समज : संच मोठ्यांसाठी चालू आहे, मूल तर पाहतच नाही. एक ते तीन वर्षांची बालके खेळत असताना मोठ्यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम नुसता चालू ठेवून संशोधकांनी २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ती बालके पडद्याकडे अधूनमधून काही क्षणच बघत, तरीही एकेका खेळण्यात त्यांचे मन रमण्याचा काळ मात्र घटलेला आढळला.