कार्डावरची तारीख कशी निघते

सावद्यात काय किंवा रावेर-फैजपुरात काय, गरोदरपणाची नोंद करायला गेलेल्या बाईला नर्सताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कधी आली? उत्तर पुष्कळदा तारखेत येत नाही. ‘आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) चार दिवसांनी’ असं येतं. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, म्हणून तो दिवस पक्का लक्षात असतो. 2025 ची आखाजी 30 एप्रिलला होती, म्हणजे पाळी 4 मेची. मात्र पाळी सुरू झाली तो दिवस धरायचा, थांबली तो नाही. इथे घोळ झाला की चार-पाच दिवस तिथेच चुकतात.

आता कार्डावर लिहितात त्या बाळंतपणाच्या अंदाजे तारखेचा हिशेब. 4 मेमध्ये सात दिवस मिळवले की 11 मे, आणि तिथून नऊ महिने पुढे गेलं की 11 फेब्रुवारी 2026. ही रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं दोनशे वर्षं चालत आली आहे. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ तिच्या अगदी जवळ जातात. पण महिने कधी अठ्ठावीस दिवसांचे, कधी एकतीसचे. नेमके 280 दिवस मोजले तर 8 फेब्रुवारी येते, तीन दिवस आधी. 280 दिवस म्हणजे बरोबर चाळीस आठवडे, म्हणून पाळीचा वार आणि या तारखेचा वार एकच असतो. 4 मेला रविवार होता, 8 फेब्रुवारीलाही रविवारच. घरच्या कॅलेंडरवर कुणालाही हे पडताळता येतं. मराठी महिन्यांनी मात्र मोजू नये. तिथीचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यात 2026 सारखा अधिक ज्येष्ठ मध्ये आला की नुसत्या नावांवर मोजणाऱ्याचा अख्खा महिना चुकतो.

या रीतीत एक गृहीत आहे: पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. सगळ्यांची पाळी अशी नसते. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींत चौदा दिवसांच्या आसपास असतो, लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा. म्हणून जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं आणि तारीख सात दिवस पुढे न्यावी लागते. चोवीस दिवसांची पाळी असेल तर चार दिवस मागे. म्हणूनच ‘पाळी किती दिवसांनी येते?’ हा प्रश्न वरवरचा समजू नये. आणि पाळी अनियमित असेल, बाळ अंगावर पीत असतानाच दिवस गेले असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, तर हा हिशेब टिकत नाही. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी खरी. त्या वेळी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढतात, त्यात फरक पडला तर पाच-सात दिवसांचा. उशिराच्या सोनोग्राफीत तो वाढत जातो, कारण पुढे प्रत्येक बाळ आपापल्या गतीनं वाढतं. म्हणून सुरुवातीला ठरलेली तारीख नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवरून बदलायची नसते.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी नीट समजून घ्यावी. समजा 4 मेला पाळी आलेल्या एखाद्या पोरीचं लग्न 15 मेला झालं. 29 जूनला डॉक्टर सांगतात, आठ आठवडे झाले. लग्नाला तर साडेसहाच आठवडे झालेत! सासरी कुजबुज सुरू होते. वास्तविक मोजणी 4 मेपासूनची आहे आणि बीज सुटलंय 18 मेच्या सुमारास, लग्नानंतर. पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच. पाळीचा दिवस सांगता येतो, गर्भ राहिल्याचा दिवस सहसा सांगता येत नाही, म्हणून मोजणी पाळीपासून धरतात. एवढ्यावरून कुणा पोरीवर संशय घेणं हा सरळ अन्याय आहे.

आणि त्या तारखेलाच बाळंतपण होईल, असंही नाही. शंभरातल्या चार-पाच जणीच नेमक्या त्या दिवशी बाळंत होतात. एकाच दिवशी लावलेल्या केळीच्या बागेतले सगळे घड एका दिवशी कापणीला येतात का? सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ दिवस भरलेलं मानतात, त्याआधीचं ते अपुऱ्या दिवसांचं. चाळीस आठवडे उलटले की तपासण्या थोड्या-थोड्या दिवसांनी कराव्या लागतात, एक्केचाळिसाव्यानंतर कळा आणायच्या का हे डॉक्टर ठरवतात, आणि बेचाळीसच्या पुढे वाट पाहणं बाळाच्या जिवाला धोक्याचं. हे सारे निर्णय त्या एका तारखेवर उभे असतात. ती पंधरा दिवसांनी चुकली, तर अपुऱ्या दिवसांचं बाळ पुऱ्या दिवसांचं समजलं जातं किंवा दिवस उलटून गेल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून घरोघरच्या सुना-लेकींना एवढीच विनंती: पाळी आली की कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा, दर महिन्याला. पाळी चुकली तर आशाताईंना लगेच सांगा आणि बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. कार्डावर तारीख लिहिली जाताना ती कोणत्या दिवसापासून धरली, हे विचारून घ्या. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेला कितीही दिवस असोत, त्याच क्षणी दवाखाना गाठा.