अंडी उबवणी : घाटावरचे पाणी आणि घाटाखालचे पाणी



ऊस कारखान्याला गेला, बिल जमा व्हायला अवकाश आहे आणि घरात तर चार पैशांची नड आहे, अशा दिवसांत परसातल्या कोंबड्या किती उपयोगी पडतात, हे घरच्या बायाबापड्यांना विचारावे. म्हणून या अंकात जोडधंद्याच्या पानावर टेबलावर मावणाऱ्या अंडी उबवणी यंत्राची हकीकत देत आहोत. हकीकत रत्नागिरी तालुक्यातली आहे आणि तिच्यातली चूक आमची आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आमची धाकटी बहीण रत्नागिरीकडे दिलेली. दारात गावठी कोंबड्या. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठच अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. मग २१ दिवस अंड्यांवर बसायचे आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्ले घेऊन हिंडायचे. तेवढ्या काळात अंडे नाही. शिवाय मुंगूस आणि घार यांचा वाटा वेगळाच. उबवण्याचे काम यंत्राकडे दिले, तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. हा हिशेब पटला आणि बहिणीने ३० अंड्यांचे यंत्र घेतले.

तसलेच यंत्र आम्ही इकडे घाटावर ऐन उन्हाळ्यात चालवले होते आणि पिल्ले चांगली निघाली होती. त्यामुळे आम्ही मोठ्या ऐटीत चिठ्ठी लिहून दिली : उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस ठेव, अंडी दिवसातून तीन वेळा फिरव, पाण्याच्या दोन्ही पन्हळी सतत भरलेल्या असू देत. बहिणीने जुलैत अंडी ठेवली आणि चिठ्ठी अक्षरशः पाळली. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली तीन! बाकीची पूर्ण वाढलेली, अंगावर लव आलेली, पण कवचाच्या आतच मेलेली.

"दादा, तू लिहिलंस तसंच केलं सगळं. मग पिल्लं आत का मेली?" बहिणीच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन महिने जपून गोळा केलेल्या अंड्यांतली ती निवडक अंडी होती. आंबा घाट उतरून आम्ही गेलो, उरलेली अंडी फोडून पाहिली, तेव्हा आत पाणीच पाणी दिसले.

त्याचे कारण असे. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू वाफ होऊन जाते आणि त्याच्या जागी अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते. कवच फोडण्यापूर्वी पिल्लू पहिला श्वास घेते तो या पोकळीत. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्के घटायला हवे. यंत्रातली हवा फार ओली असली तर पाणी जात नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरते.

आता घाटावरचा आणि घाटाखालचा फरक पाहा. एप्रिलात इकडे हवा ३५ अंशांची आणि आर्द्रता २५ टक्के धरली, तर ती हवा यंत्रात ३७.५ अंशांना तापल्यावर आर्द्रता २२ टक्क्यांच्या आसपास उरते. तिथे पन्हळी भरल्याच पाहिजेत. जुलैत रत्नागिरीला हवा २६ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर तीच हवा तापून सुमारे ४७ टक्क्यांवर येते. पहिल्या अठरा दिवसांना ४५ ते ५५ टक्के पुरते. म्हणजे पाण्याचा थेंब न घालताही काम भागत होते आणि आम्ही दोन पन्हळी भरायला लावल्या होत्या!

दुसऱ्या खेपेला पन्हळी कोरड्या ठेवल्या. अंड्यांचा ट्रे घरच्या काट्यावर दर आठवड्याला तोलला. ४५ ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४० ग्रॅमच्या आसपास आले. पाणी घातले ते त्या दिवशी, कारण शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर आतली त्वचा सुकून पिल्लाला चिकटते. मधे एका रात्री पाच तास वीज गेली. बहिणीने झाकण उघडले नाही. हवेची भोके मोकळी ठेवून वर गोधडी टाकली आणि गरम पाण्याच्या बाटल्या बाजूंना लावल्या. अंडी काही तास थोडी गार झालेली सोसतात. ४० अंशांच्या वर गेलेली मात्र सोसत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी खुडूक कोंबडीच खरी, म्हणून घरात एखादी असू द्यावी. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात चार अंडी कोरी दिसली, ती काढली. उरलेल्या सव्वीसांतून एकवीस पिल्ले निघाली. आपल्या भाषेत सांगायचे, तर उतारा चांगला पडला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बेणे वाईट तर लागण वाईट, हे इथेही खरे. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. बाजारातली पांढरी अंडी उबत नाहीत, कारण त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो. अंडी सात दिवसांच्या आतली असावीत, धुऊ नयेत, टोकदार बाजू खाली करून गारव्यात ठेवावीत. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करावे आणि झाकण उघडू नये. पिल्लू टोच मारून तासन्‌तास थांबते, तेव्हा आपला हात शिवशिवतो. पण कवच सोलू नये, रक्त जाऊन पिल्लू मरते. जन्मल्यावर पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज निघते, तेव्हा अंग सुकेपर्यंत आतच राहू द्यावे. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्यावी आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत म्हणजे मानमोडीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून नव्हे, तर थेंब घालून द्यावी.

इतके करूनही यंत्र फक्त ऊब देते. अंडे केव्हा फिरवायचे, पाणी केव्हा घालायचे हे कोंबडीचे शहाणपण आपल्यालाच पुरवावे लागते. उसाचे पाणी जमीन बघून देतो, शेजाऱ्याचा पाट बघून नाही. अंड्याचेही तसेच आहे. दुसऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा, मग ती आमची का असेना, आपल्या घरच्या काट्यावर विश्वास ठेवावा.

सभासदांपैकी कोणी यंत्र चालवत असतील, त्यांनी महिना, पाणी, अठराव्या दिवसाचे वजन आणि निघालेली पिल्ले एवढे चार आकडे आम्हाला कळवावेत. फसलेली खेपही कळवावी. आमची आम्ही सांगितलीच आहे.