थायलंडमध्ये भाड्याचे घर आणि पत्त्याची नोंद

पाली व बौद्ध अभ्यासासाठी थायलंडला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची तयारी व्हिसा आणि विमानाच्या तिकिटापाशीच संपते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. खरी अडचण उभी राहते ती भाड्याच्या खोलीत राहावयास गेल्यावर.

तेथील इमिग्रेशन कायदा बुद्धवर्ष २५२२ चा, म्हणजे आपल्या हिशेबाने १९७९ चा. त्याच्या कलम ३८ प्रमाणे परदेशी माणूस राहावयास आल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशन कचेरीस कळवावयाचे असते. या फॉर्मला टीएम ३० म्हणतात. न कळविल्यास दंड मालकाला, २,००० बाहतपर्यंत. पण अडतो मात्र भाडेकरू! व्हिसाची मुदत वाढविण्यास गेले की या नोंदीची पावती मागतात. ती नसेल तर काम तेथेच थांबते. काही मालक प्राप्तिकराच्या भीतीने नोंद टाळतात. म्हणून अनामत देण्यापूर्वीच विचारावे. भाडेकरार, मालकाचे ओळखपत्र व घराची नोंदवही यांच्या प्रती मागून घ्याव्यात. त्या हाती असल्या तर अनेक कचेऱ्या भाडेकरूकडूनही नोंद करून घेतात.

कलम ३७ ची जबाबदारी मात्र आपलीच. सलग ९० दिवस राहिल्यास पत्ता पुन्हा कळवावा लागतो. मुदत १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. मध्ये देशाबाहेर जाऊन आल्यास मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. विहारात उतरणाऱ्यांनीही आपली नोंद झाली की नाही ते विचारून घ्यावे, संकोच करू नये. पावती पासपोर्टमध्येच ठेवावी.