वंध्यत्वावरच्या उपचारात सोनोग्राफी काय सांगते

वंध्यत्वावरच्या उपचारात सोनोग्राफीचे पहिले काम म्हणजे अंडाशयातला बीजांचा साठा अजमावणे. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतले 2 ते 10 मिलिमीटरचे फॉलिकल, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढते ते पाण्याने भरलेले कोश, मोजतात. मिळून पाच-सहाच निघाले, तर बीजे वाढवण्याच्या इंजेक्शनांना प्रतिसाद बेताचाच येणार. वीसच्या वर गेले, तर अंडाशये प्रमाणाबाहेर सुजण्याचा धोका असतो, म्हणून डोस हात राखून देतात.

पुढची तपासणी ‘फॉलिक्युलर स्टडी’, म्हणजे फॉलिकलच्या वाढीवर लक्ष ठेवणे. रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या जोडप्यांना जड जाते ती हीच. वाढीला लागलेला फॉलिकल दिवसाला एक-दोन मिलिमीटरने वाढतो. तो 18 ते 20 मिलिमीटरचा झाला की बीज सुटण्याचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर सुमारे 36 तासांनी बीज सुटते. ही वेळ साधायची तर एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी हवी. मुंबई महाडहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याकडचा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद. डोंगरातल्या वाडीवरून निघणाऱ्या बाईला तर आधी महाड गाठायचे असते. मधली मापे जवळच्या केंद्रात घेऊन मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाला कळवता येतात, पण मोजणारा हात सरावाचा हवा. केंद्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदलेलेही हवे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला. देशाचा कायदा 1994 चा.

त्याच तपासणीत गर्भाशयाचे अस्तरही पाहतात. ते 7 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर गर्भ रुजण्याची शक्यता घटते. जाड असले म्हणून रुजेलच, असे मात्र नाही. डॉप्लरने गर्भाशयाचा रक्तपुरवठा पाहून यशाचे भाकीत करण्याचे प्रयत्न झाले. त्यावर निर्णय सोपवावा इतके ते भरवशाचे ठरलेले नाहीत.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. बीज शरीराबाहेर फलित करण्याच्या या उपचारात आज बीजे काढण्याची सुईसुद्धा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहूनच चालवतात. तरीही पडद्यावर दिसते ती बीजांची संख्या. त्यांची प्रत दिसत नाही. प्रत मुख्यतः स्त्रीच्या वयावर ठरते, आणि चाळिशीत मोजणी चांगली आली तरी यशाची शक्यता कमीच राहते. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, हेही साध्या सोनोग्राफीत कळत नाही. पुरुषातल्या दोषाबद्दल तर पत्नीची सोनोग्राफी काहीच सांगत नाही. तेव्हा पत्नीच्या महाड-मुंबई फेऱ्या सुरू होण्याआधी पतीची वीर्यतपासणी करून घ्यावी. ती स्वस्त आहे आणि बहुधा एका खेपेत होते.