सिझरच्या व्रणात गर्भ रुजल्यास उपचार कसे ठरतात?

पाळी चुकली, घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पहिल्याच सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, 'गर्भ आधीच्या सिझरच्या टाक्यांच्या जागी आहे.' पोटात फारसे दुखत नाही, अंगावरून थोडेसेच जाते आहे किंवा जातही नाही, कधी तर गर्भाचे ठोकेही दिसतात. मग उपचारांची एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

सिझर करताना गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतला जातो. तो भरून येताना काही स्त्रियांमध्ये तिथे छोटीशी खाच राहते. पुढचा गर्भ नेमका त्या खाचेत रुजला, तर त्याला 'सिझेरियन स्कार प्रेग्नन्सी' म्हणतात. साधारण २००० गर्भारपणांमागे एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते. सिझर वाढली तसे हे रुग्णही जास्त दिसू लागले. यात तुमची काही चूक नाही. जड उचलल्याने किंवा प्रवास केल्याने गर्भ तिथे जात नाही.

धोका कशात आहे, हे समजले की उपचारही समजतात. गर्भ किंवा वार सुटल्यावर गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतो. व्रणाच्या जागी हा स्नायू पातळ असतो, काही वेळा जवळजवळ नसतोच. त्यामुळे तिथून सुरू झालेला रक्तस्राव आपोआप थांबत नाही. शिवाय गर्भ वाढत गेला तर गर्भाशय त्या जागी फाटू शकते आणि समोरच असलेल्या लघवीच्या पिशवीलाही इजा होऊ शकते.

म्हणूनच दोन गोष्टी अजिबात करू नका. पहिली, मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणे. गर्भ कुठे आहे हे न पाहता गोळ्या घेतल्या, तर रक्तस्राव सुरू झाल्यावर 'गोळीचा परिणाम होतोय' असे समजून बाई घरीच थांबते. दुसरी, नुसते क्युरेटिंग, म्हणजे धारदार साधनाने 'पिशवी साफ करणे'. पातळ व्रण खरवडला की रक्ताचा लोंढा लागू शकतो. अमेरिकेतील 'सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन' या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही केवळ क्युरेटिंग टाळायला सांगितले आहे.

निदानासाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी सर्वांत उपयोगी, तीही सहाव्या-सातव्या आठवड्यात. उशीर झाला की गर्भाची पिशवी वाढून वर सरकते आणि सगळे ठीक आहे असा भास होतो. कधी हीच अवस्था 'गर्भ खाली आहे' किंवा 'गर्भपात होतो आहे' अशी वाचली जाते. रिपोर्टबद्दल शंका असेल तर अनुभवी सोनोलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. डॉक्टरांना याचा राग येऊ नये, आणि आला तरी तुम्ही तपासणी करून घ्या.

'ठोके आहेत, मग ठेवता नाही का येणार?' हा सर्वांत अवघड प्रश्न. काही गर्भारपणे पुढे जातात, बाळ जन्मतेही. पण अशा वेळी वार गर्भाशयात खोल रुतण्याची शक्यता मोठी असते. मग बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होणे, गर्भाशय काढावे लागणे, बाळ आधीच जन्माला घालावे लागणे, हे सगळे संभवते. त्यामुळे बहुतेक वेळा लवकर उपचार करण्याचाच सल्ला दिला जातो. हा निर्णय स्वीकारणे सोपे नसते, रडू येते, आणि घरच्यांनी 'पुढच्या वेळी होईल' म्हणून तो विषय उरकू नये. कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही.

सगळ्यांना एकच उपचार लागू पडत नाही. किती आठवडे झाले, ठोके आहेत का, गर्भ आणि लघवीची पिशवी यांच्यामधला स्नायू किती जाड आहे, रक्तस्राव होतो आहे का, पुढे मूल हवे आहे का, यावर तो ठरतो. मेथोट्रेक्सेट हे औषध सोनोग्राफीत पाहत सुईने थेट गर्भाच्या पिशवीत देता येते. तेच औषध फक्त दंडात किंवा कमरेत दिले तर बऱ्याचदा पुरे पडत नाही. लवकर निदान झाले असेल तर सोनोग्राफीच्या देखरेखीखाली सक्शनने गर्भ काढता येतो. रक्तस्राव झालाच तर दाब देण्यासाठी बलून तयार ठेवतात. भिंत फारच पातळ असेल किंवा गर्भ लघवीच्या पिशवीकडे वाढत असेल, तर दुर्बिणीतून गर्भ काढून जुना व्रणही दुरुस्त करता येतो. काही ठिकाणी आधी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या बंद करतात. उपचार कुठलाही असो, रक्त आणि ऑपरेशन थिएटर चोवीस तास उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच करा.

मेथोट्रेक्सेट दिले असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवा, दारू टाळा आणि न विचारता दुखण्यावरची गोळी घेऊ नका. पुढचे किमान तीन महिने गर्भ राहू देऊ नका. बीटा एचसीजी ही रक्ततपासणी शून्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करावी लागते. त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यानंतरही सोनोग्राफीत व्रणाजवळ गाठीसारखे काही महिने दिसू शकते. एवढ्यावरून उपचार फसले असे समजू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. तासाला एकापेक्षा जास्त पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा पोटात एकदम जोरात दुखू लागले, तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

पुढे बहुतेकींना योग्य जागी गर्भ राहतो, पण तो पुन्हा व्रणात राहण्याची शक्यता असते. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की सोनोग्राफीसाठी तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यातच जा, आणि जाताना या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.