सुपातले काळे दाणे आणि घरातले बाळ



पोळा होतो, जाम नदीवरची गोटमार होते आणि मग आपल्याकडे मक्याचे दिवस येतात. पांढुर्णा आणि सौसर मिळून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, तरी छिंदवाड्याचा मका हा आपलाही मका आहे. त्याच सुमारास भुईमुगाच्या शेंगा निघतात आणि परतीचा पाऊसही नेमका त्याच वेळी येतो. अंगणात पसरलेला माल भिजतो, पुन्हा वाळवतो, पोत्यात जातो. पुढे सुपात पाखडताना काही दाणे काळे, काही हिरवट-पिवळे दिसतात. आज त्या दाण्यांबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेलो आहोत. जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेच येथे मांडतो.

नोकरीत असताना धान्याच्या तारणावर कर्ज देण्यापूर्वी गोदाम पाहावे लागे. पहिला प्रश्न असे, मालात ओल किती? पोती जमिनीला आणि भिंतीला टेकलेली नाहीत ना? कारण ओला माल म्हणजे बुडीत तारण. गंमत अशी की हा प्रश्न आम्ही परक्या मालासाठी वर्षानुवर्षे विचारला, पण घरच्या कोठीसाठी कधी विचारला नाही. घरी निवडलेले खराब दाणे आम्हीही ढेपेत मिसळून गाईपुढे ठेवत होतो. घरात नातवाचे उष्टावण ठरले तेव्हा या विषयाकडे लक्ष गेले.

धान्यावर अनेक प्रकारच्या बुरश्या येतात. त्यांतल्या अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या हिरवट-पिवळ्या बुरशीला उष्ण, दमट हवा मानवते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. मका, भुईमूग आणि सरकी ही तिची आवडती ठिकाणे. तिन्ही आपल्याकडे घरोघरी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडले, तेव्हा त्याची ओळख पटली.

आपल्या देशातला मोठा प्रसंग १९७४ चा. आपल्याच राज्यातल्या झाबुआला लागून असलेल्या गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत मका काढणीला आला असताना अवकाळी पाऊस झाला. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका साठवला आणि खाल्ला. लोकांना आधी कावीळ झाली, मग पोटात पाणी भरले. घरची कुत्रीही दगावली. तपासात ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले १०६ जण मरण पावले. अशी साथ क्वचितच येते. पण थोडे थोडे विष रोज पोटात जाणे ही क्वचित घडणारी गोष्ट नाही, आणि काळजी त्याचीच आहे. दीर्घकाळ पोटात गेल्यास हे विष यकृताचा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. लहान मुलांची वाढ खुंटण्याशीही त्याचा संबंध दिसतो. मात्र ते एकमेव कारण आहे असे सिद्ध झालेले नाही.

बाळालाच धोका जास्त का, हे साध्या हिशेबाने कळते. साठ किलोच्या माणसाने दिवसाला ३०० ग्रॅम धान्य खाल्ले, तर किलोमागे ५ ग्रॅम झाले. आठ किलोच्या बाळाने ८० ग्रॅम खाल्ले, तर किलोमागे १० ग्रॅम. म्हणजे तेच पीठ बाळाला दुप्पट लागू होते. शिवाय मोठ्यांच्या ताटात पोळी, भात, भाजी, वरण असे दहा पदार्थ असतात. बाळाला मात्र एकदा केलेली भरड महिनाभर रोज दिली जाते. ती भरड खराब निघाली, तर त्याला पर्याय नसतो.

मुलांच्या बाबतीत एक जुना, जिवाला लागणारा दाखला आहे. म्हैसूरच्या डॉक्टरांनी १९७१ साली तो प्रसिद्ध केला. कुपोषित मुलांना प्रथिने मिळावीत म्हणून शेंगदाण्याचे पीठ दिले जात होते. त्या पिठात अफ्लाटॉक्सिन होते आणि मुलांच्या यकृताला इजा झाली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. खराब होता तो दाणा.

दुसरा मार्ग दुधाचा. गाई-म्हशीने बुरशी लागलेली ढेप, मका किंवा शेंगदाण्याची पेंड खाल्ली, की त्या विषाचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. आपल्या देशात धान्यासाठी या विषाची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, तर दुधासाठी फक्त अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणजे तीसपट कडक, कारण दूध लहान मुले पितात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतले ३६८ नमुने या मर्यादेबाहेर होते. दुधात पाणी घातले का, एवढीच चौकशी आपण करतो. पण जनावराने काय खाल्ले, हे विचारायचे राहून जाते. समाधानाची गोष्ट अशी की खराब खाद्य बंद केल्यावर थोड्याच दिवसांत दूध साफ होते.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. आईच्या आहारातूनही अल्प अंश अंगावरच्या दुधात येऊ शकतो, पण म्हणून स्तनपान मुळीच थांबवू नये. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हेच बाळासाठी सर्वांत सुरक्षित. त्यानंतर वरचे अन्न सुरू झाले तरी आईचे दूध चालू ठेवावे. घरातले निवडक, चांगले धान्य बाळंतिणीच्या ताटात आधी जावे, एवढाच याचा अर्थ.

आता घरी काय करावे ते पाहू.

पहिले, वाळवणे. माल मातीवर न टाकता ताडपत्रीवर पसरावा, दिवसातून दोन-तीनदा हलवावा आणि दव पडण्याआधी झाकावा. मका बारा-तेरा टक्के ओलीपर्यंत आणि फल्लीदाणे सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळले पाहिजेत. यंत्र नसेल तर मक्यासाठी मिठाची परीक्षा करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ घालावे. झाकण लावून मिनिटभर हलवावे, मग पाव तास ठेवून द्यावे. मीठ काचेला चिकटले, तर ओल पंधरा टक्क्यांहून जास्त आहे. मका पुन्हा उन्हात घालावा.

दुसरे, साठवण. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. बाळासाठीचे पीठ एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे.

तिसरे, निवडणे. काळे, हिरवट, सुरकुतलेले, फुटके, किडके दाणे हाताने काढावेत. फल्लीदाणे भाजून कूट करण्याआधीच निवडावेत, कारण कूट झाल्यावर काहीच ओळखू येत नाही. कडू लागलेला दाणा थुंकून टाकावा. विष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकते. तरीही खराब दाणे काढून टाकल्याने बराच भाग कमी होतो.

चौथे, बुरशी लागलेले धान्य धुऊन, उन्हात घालून वापरू नये. उन्हाने बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष तसेच राहते. भाजल्याने काही भाग कमी होतो, सगळा जात नाही.

पाचवे आणि सर्वांत अवघड, काढलेले दाणे गाईला किंवा कोंबड्यांना घालू नयेत. ते पुरून टाकावेत. बुरशी धरलेल्या ढेपेलाही हाच नियम. आपल्या पिढीला अन्न टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. पण हे दाणे गोठ्यातून फिरून दुधाच्या वाटीत परत येतात.

सहावे, बाळाला रोज एकच धान्य देऊ नये. तांदूळ, मूग, ज्वारी, गहू, नाचणी आलटून पालटून द्यावेत.

घरची सवय बदलल्याने खरेच फरक पडतो का? याचे उत्तर पुण्यात मिळाले आहे. पूर्वी आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होई. त्याचा संशय काही काळ याच बुरशीच्या विषावर होता. पुढे पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९८३ साली दाखवून दिले, की कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेले दूध तान्ह्या मुलांना दिल्याने तांबे त्यांच्या पोटात जात होते. घराघरांतून ती भांडी गेली, स्टील आले आणि तो आजार आज जवळजवळ दिसेनासा झाला. दोष बुरशीचा नव्हता, भांड्याचा होता. पण बदल घडला तो स्वयंपाकघरातच.

आमच्या घरी आता सूप हाती घेण्याचे काम आमच्याकडेच आले आहे. डोळ्यांना चष्मा आहे, पण वेळ भरपूर आहे. घराघरांतल्या आजी-आजोबांनी हे काम आपल्याकडे घ्यावे, अशी विनंती. कोजागिरीला भेट होईलच. मिठाची बाटली बरोबर आणतो. आपल्या कोठीतला मूठभर मका घेऊन या, तिथेच पाहू.